परदेशातल्या शाळेत पहिला दिवस

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दर वर्षी वर्धापनदिनाला माझे काम असते ते मागच्या बाजूला, चुलीपाशी. शंभर माणसांच्या मसालेभाताला आधण किती ठेवावे, हे मला विचारा. मी न अडखळता सांगेन. पण ध्वनिक्षेपकासमोर उभे राहण्याची ही पहिलीच वेळ. चिटणीसबाईंना मी म्हटले, "माझे शिक्षण सातवीपर्यंत. मी काय बोलणार?" त्या म्हणाल्या, "तुमच्या पुतणीची जी गोष्ट तुम्ही पापड लाटताना सांगितलीत, तीच सांगा." तेव्हा तीच सांगते. चुकले तर पापड लाटताना बोलते आहे असे समजून सोडून द्या.

ही पुतणी माझ्या मोठ्या दिरांची मुलगी. तिचे नाव मी सांगत नाही, कारण तिनेच तसे बजावले आहे. ती आमच्याच घरात, माझ्या मांडीवर वाढली. मराठी शाळेत शिकली, डी. एड. झाली आणि इथल्याच एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत तीन वर्षे तिने पहिलीचा वर्ग घेतला. पुढे लग्न झाले आणि जावईबापूंच्या नोकरीमुळे ती नेदरलंड्समध्ये आयंडहोव्हनला गेली. आपल्या वडीलधाऱ्यांना फिलिप्सचा रेडिओ आठवत असेल. ती फिलिप्स कंपनी १८९१ साली याच गावात सुरू झाली, विजेचे दिवे करीत. आता तिथे निरनिराळ्या देशांचे इंजिनिअर जमले आहेत आणि त्यांत आपली मराठी माणसेही बरीच आहेत.

तिथे गेल्यावर आमच्या पोरीला वाटले, शिकवायचे तर तिकडचे शिक्षण पुन्हा घ्यावे. म्हणजे तीन वर्षे 'बाई' म्हणून मिरवलेली मुलगी पुन्हा विद्यार्थिनी झाली. अशा शिकाऊ शिक्षिकेला प्रत्यक्ष शाळेत पाठवतात. तिची पाठवणी एका आंतरराष्ट्रीय शाळेत झाली. गेल्या ऑगस्टात तिथला तिचा पहिला दिवस होता. त्या रात्री तिने मला फोन केला. तेव्हा त्यांच्याकडे संध्याकाळचे सात वाजले होते आणि आपल्याकडे साडेदहा. फोन खाली ठेवला तेव्हा बारा वाजून गेले होते.

आता 'इंटरनॅशनल स्कूल' हे शब्द आपल्याला नवीन नाहीत. एस. टी. स्टँडपासून इथपर्यंत येताना मीच तशा तीन पाट्या मोजल्या. पण ही शाळा मूळची कशी निघाली, ते पुतणीने मला सांगितले. पहिले महायुद्ध संपल्यावर स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हाला राष्ट्रसंघ स्थापन झाला आणि आंतरराष्ट्रीय मजूर कार्यालयही तिथेच आले. देशोदेशींचे अधिकारी मुलाबाळांसह तिथे राहायला आले. या मुलांनी शिकायचे कुठे? तेव्हा १९२४ साली त्यांच्यासाठी जिनिव्हात आंतरराष्ट्रीय शाळा निघाली. कालपर्यंत ज्यांचे बाप एकमेकांवर तोफा डागत होते, ती मुले एका बाकावर बसली. कमला नेहरूंच्या उपचारासाठी नेहरू कुटुंब १९२६ साली जिनिव्हाला गेले होते, तेव्हा आठ वर्षांची इंदिरा काही दिवस याच शाळेत जात होती.

पुढे एक अडचण आली. बापाची बदली झाली की मुलाचा अभ्यासक्रम बदले आणि प्रत्येक देशाचे विद्यापीठ आपापलीच परीक्षा मागे. म्हणून सगळीकडे चालेल अशी एक परीक्षा तयार करण्यासाठी १९६८ साली जिनिव्हातच एक संस्था स्थापन झाली. तिलाच 'आय. बी.' म्हणतात. आपल्या मुळशी भागात १९९७ साली निघालेल्या महिंद्र युनायटेड वर्ल्ड कॉलेजात ही परीक्षा देणारी देशोदेशींची मुले राहून शिकतात. थोडक्यात, बदलीवरच्या माणसांच्या मुलांची सोय म्हणून ही शाळा जन्माला आली. आपण मात्र पाटीवरचा इंग्रजी शब्द पाहूनच भुलतो.

आता पहिल्या दिवसाची हकीकत सांगते.

आपल्याकडे नव्या जागी रिकाम्या हाताने कोणी जात नाही. मी जुलैतच शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा एका येणाऱ्या माणसाबरोबर पाठवला होता. गूळ घरचा, दाणे मंद आचेवर भाजून साले पाखडलेले. सांगितले होते, "पहिल्या दिवशी शाळेत सर्वांना वाट." तिनेही तो डबा जपून ठेवला, त्यातला एकही लाडू खाल्ला नाही. त्या दिवशी सकाळी पाऊस. तिथे लहानथोर सगळे पावसातही सायकलवर जातात. ही रेनकोट घालून, पाठीवर दप्तर आणि पुढच्या टोपलीत डबा ठेवून निघाली.

दारातच तिला थांबवले. आधी कागद तपासले. त्या देशात मुलांमध्ये काम करायचे तर वर्तणुकीचा सरकारी दाखला लागतो. मग तुम्ही शिकवणाऱ्या असा की शिकाऊ. दाखला पाहून गळ्यात नावाची पट्टी अडकवली आणि नियम सांगितले. कोणत्याही मुलाबरोबर दार लावून एकटीने बसायचे नाही. मुलांचे छायाचित्र काढायचे नाही. आणि मग कचेरीतल्या बाईंनी डब्याकडे बोट दाखवून विचारले, "यात काय आहे?"

हिने अभिमानाने सांगितले, शेंगदाण्याचे लाडू.

त्या बाई दोन पावले मागे सरकल्या. काही मुलांना शेंगदाणा चालत नाही. चालत नाही म्हणजे पित्त होते इतकेच नव्हे. कणभर पोटात गेला तरी घसा सुजून श्वास कोंडतो, लगेच इंजेक्शन द्यावे लागते, नाहीतर जीवही जाऊ शकतो. म्हणून त्या शाळेत दाणे आणायलाच बंदी आहे. डबा पिशवीत बांधून कचेरीच्या कपाटात ठेवला आणि हिला साबणाने हात धुवायला लावले.

भगिनींनो, हे ऐकल्यावर मला रडू आले. राग नव्हे, पण आपण प्रेमाने केलेली वस्तू कोणी विंचवासारखी उचलून ठेवली, असे वाटले. मग मी म्हटले, "बरे, पुढच्या वेळी तिळाचे करीन." तर म्हणे युरोपात ज्या चौदा पदार्थांची नावे खाद्यपदार्थांवर सांगावीच लागतात, त्यांत तीळही आहेत, गहूही आहे आणि दूधही. मी विचारले, "मग लाडू करावा तरी कशाचा?" ती हसून म्हणाली, "काकू, आधी विचारावे आणि मग करावा." हे वाक्य मी गाठीला बांधले आहे. आपल्या मंडळाच्या पंगतीतही एखाद्या लेकराला दाणे बाधत असतील. आपण विचारतो कुठे?

डबा कपाटात जात असताना कचेरीच्या दाराशी एक सहा वर्षांचा मुलगा आईचे बोट धरून उभा होता. त्याने हा सगळा प्रकार पाहिला, इतकेच आता ध्यानात ठेवा.

वर्गात बावीस मुले होती आणि त्यांच्या घरच्या भाषा अकरा. वर्गाच्या बाई आयर्लंडच्या, वयाने पन्नाशीच्या. मुले त्यांना सरळ नावाने हाक मारीत होती. आमच्या पोरीलाही नावाने हाक मारू लागली, तेव्हा आपल्या पाठीमागे कोणी दुसरीच उभी आहे की काय, असे तिला वाटले. भिंतीवर दिवसाचा चित्रांचा तक्ता होता. पुस्तकाचे चित्र, मग डब्याचे, मग कोटाचे. ज्या मुलाला भाषा कळत नाही त्यालाही कळावे, की आता वाचन, मग जेवण, मग बाहेर खेळ. हा तक्ता मला फार आवडला. नव्या सुनेसाठी असा एक तक्ता प्रत्येक स्वयंपाकघरात लावावा!

आपल्याला फळ्यापाशी उभे करतील म्हणून हिने रात्री जागून पाठाचे टाचण काढले होते. पण बाईंनी तिला लहान मुलाच्या खुर्चीवर बसवले आणि सांगितले, "आज शिकवायचे नाही. एका मुलाकडे दिवसभर पाहायचे. दर पाच मिनिटांनी तो काय करतो ते लिहायचे." आणि दाखवला तो कचेरीच्या दारातला मुलगा. तो मे महिन्यात शाळेत आला होता. सुट्टीपूर्वीच्या दोन महिन्यांत त्याने वर्गात तोंडातून एक शब्दही काढला नव्हता.

हिने कागदावर पहिला शब्द लिहिला, 'लाजाळू.' बाईंनी त्यावर रेघ मारली. म्हणाल्या, "लाजाळू हे तुम्ही पाहिले नाही, ते तुम्ही ठरवले. पाहिले तेवढेच लिहा." मग हिने लिहिले, 'मान खाली. उजव्या बोटाने टेबलावर रेघ ओढतो. दाराकडे तीनदा पाहिले.' काकू, ती मला म्हणाली, तीन वर्षे मी शिकवले पण एका मुलाकडे पाच मिनिटे नीट पाहिले नव्हते. मला आपला नळावरचा घोळका आठवला. कोणाची सून कशी, हे आपण पाहतो की ठरवतो?

साडेदहाच्या सुमारास मुले लाकडी ठोकळे रचत होती. हा एकटाच कोपऱ्यात मनोरा रचत होता आणि ओठांतल्या ओठांत काही पुटपुटत होता. ही थोडी पुढे सरकली आणि तिच्या कानावर आले, "दोन, तीन, चार, पाच."

दोन! हिंदीत 'दो' म्हणतात. पोरगा मराठी मोजत होता. शाळेच्या कागदावर मात्र त्याची घरची भाषा हिंदी अशी लिहिलेली होती.

हिला आधी आनंद झाला आणि दुसऱ्याच क्षणी अंगावर काटा आला. का, ते आता सांगते. हे सांगण्यासाठीच मी इथे उभी राहिले आहे.

ती इथे ज्या शाळेत शिकवीत होती, त्या शाळेचे नाव मी घेत नाही. अशा शाळा एक-दोन नाहीत. त्या शाळेत प्रत्येक वर्गात पत्र्याची एक डबी असे. मुलाने वर्गात मराठी शब्द उच्चारला की डबीत एक रुपया टाकायचा. पहिलीच्या वर्गाची डबी आमच्या पोरीकडे होती. महिनाअखेर पैसे मोजून ती कचेरीत देत असे. सहा वर्षांच्या लेकराला शी लागली तरी ते इंग्रजी शब्द आठवेपर्यंत उभे राही. तिला ते आवडत नव्हते, पण नोकरी होती.

आणि माझा मुलगा त्याच शाळेत होता. तो येऊन म्हणे, "आई, आज चार रुपये दंड." मी चार रुपये देत असे आणि वर रागावत असे. "इंग्रजीत बोलायला तुला काय होते? एवढी फी भरतो ती कशाला?" माझे शिक्षण सातवीत थांबले, कारण गावात पुढे शाळा नव्हती आणि मुलीच्या जातीला तीन कोस पाठवायला घरचे तयार नव्हते. माझ्या मुलाचे तसे होऊ नये, एवढेच माझ्या मनात होते. हळूहळू तो घरी शाळेचे काही सांगेनासा झाला. विचारले की म्हणे, "तुला नाही कळणार." मी समजले, मुलगा मोठा झाला. तो गप्प झाला होता, हे माझ्या लक्षात आले नाही. मीही 'शहाणा' असे ठरवले होते, पाहिले नव्हते.

तर पुतणीने भीत भीत बाईंना विचारले, "या मुलाशी मी माझ्या भाषेत बोलले तर चालेल का?" तिला वाटले, नियम दाखवतील. बाई म्हणाल्या, "तुम्हाला त्याची भाषा येते? मग अजून थांबलात कशाला?" आणि त्यांनी कारण सांगितले. ज्या मुलाला पाचापर्यंत मोजता येते, त्याला 'पाच' ही कल्पना पुन्हा शिकवायची नसते, फक्त नवा शब्द द्यायचा असतो. पण त्याची भाषा दाराबाहेर काढायला लावली, तर त्या भाषेत जे काही तो शिकला तेही दाराबाहेरच राहते. कॅनडातील जिम कमिन्स या अभ्यासकांनी हे पुष्कळ वर्षांपूर्वी मांडले आहे. परक्या भाषेत खेळण्याबोलण्यापुरते यायला मुलाला सुमारे दोन वर्षे लागतात. पण त्या भाषेत अभ्यास पेलायला पाच ते सात वर्षे लागतात, असे ते सांगतात. तोवर घरची भाषा ही त्याची काठी आहे. नवे मूल काही महिने गप्प राहते तेही रोग नव्हे; ते ऐकत असते.

दुपारी आमच्या पोरीने बाईंना त्या पत्र्याच्या डबीची गोष्ट सांगून टाकली. तिला वाटले, आता या आपल्याला हलकी समजतील. बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आमच्याकडे डबी नव्हती, काठी होती." एकोणिसाव्या शतकात आयर्लंडमध्ये मुलाच्या गळ्यात दोरीने एक काठी अडकवीत. मूल घरच्या आयरिश भाषेत बोलले की काठीवर एक खाच पाडीत आणि संध्याकाळी खाचा मोजून मार देत. आणि भगिनींनो, खाच पाडणारे कित्येकदा आईबापच असत, कारण इंग्रजीवाचून पोराला भाकरी मिळणार नाही, ही त्यांची भीती. भीती खोटी नव्हती. पण आज त्या देशात घरी रोज आयरिश बोलणारे थोडेच उरले आहेत. "माझ्या पणजीची भाषा मी शाळेत पुस्तकावरून शिकले," असे त्या बाई म्हणाल्या.

मला हे ऐकून माझे चार रुपये आठवले.

आता त्या मुलाचे काय झाले? तुम्हाला वाटेल, हिने मराठीत हाक मारली आणि तो गळ्यात पडला. तसे झाले नाही. ही जवळ जाऊन हळूच म्हणाली, "छान केलास की रे मनोरा!" तो दचकला. त्याने हातातला ठोकळा खाली ठेवला, वर्गाच्या बाईंकडे पाहिले आणि कानांवर हात ठेवले. त्याला वाटले असावे, ही आता पकडणार. हिने कागदावर लिहिले, 'कानांवर हात ठेवले.' आणि तेच लिहिताना हिचे डोळे भरून आले. जेवणाच्या वेळी काही नाही, खेळाच्या वेळी काही नाही. हिने पुन्हा छेडले नाही, फक्त जवळ बसून राहिली.

तीन वाजता शाळा सुटली. मुले कोट चढवून रांगेत उभी राहिली. ही दमलेली, कानकोंडी, आपला पहिला दिवस फुकट गेला असे मनात म्हणत सायकलीकडे निघाली. तेवढ्यात मागून कोणी तिच्या कोटाचे टोक ओढले. तोच मुलगा. मान खालीच होती, पण शब्द स्पष्ट होते.

"बाई, तुमचा डबा राहिला."

अकरा भाषांच्या त्या वर्गात दिवसभर सगळ्यांनी तिला नावाने हाक मारली होती. 'बाई' म्हणणारा हा एकच. मला हे सांगताना ती फोनवर बराच वेळ बोलूच शकली नाही. इकडे मीही.

त्याची आई दाराशी होती. पुतणीने तिला विचारले, कागदावर हिंदी का लिहिले? ती ओशाळून म्हणाली, "मराठी त्यांना कुठली माहीत असणार! आणि शाळेत मराठी बोलू नकोस असे मीच बजावले होते." आमची पोर म्हणाली, "ताई, मीही तेच करीत होते." दुसऱ्या आठवड्यात कागद दुरुस्त झाला. मुलगा आता बोलतो का? थोडे थोडे. आधी मराठीत, मग त्यातला एखादा शब्द इंग्रजीत. घाई कोणी करीत नाही.

भगिनींनो, इंग्रजी शिकवू नये असे मी म्हणत नाही. माझ्या पुतणीची भाकरी आज इंग्रजीवरच आहे. पण एक भाषा शिकण्यासाठी दुसरीची लाज कशाला? २१ फेब्रुवारी १९५२ रोजी ढाक्यात आपल्या बंगाली भाषेसाठी तरुणांनी गोळ्या झेलल्या; त्यांच्या आठवणीचा तो दिवस युनेस्कोने १९९९ साली जागतिक मातृभाषा दिन ठरवला. २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी शिकवणे सक्तीचे झाले. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा आपण पेढे वाटले. पेढे वाटायचे आणि लेकराकडून रुपया घ्यायचा, हे एका घरात कसे चालेल? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात मुलाला मारण्याला आणि मानसिक त्रास देण्याला मनाई आहे. तेव्हा दंडाची डबी दिसली, तर आपण चार आयांनी मिळून जाऊन विचारावे. एकटीला भीती वाटते. चौघींना कमी वाटते. मंडळ आणखी कशासाठी असते?

दुसरी विनंती घरातली. संध्याकाळी मुलाला 'अभ्यास झाला का?' एवढेच विचारू नका. 'आज शाळेत काय पाहिलेस, ते मला मराठीत समजावून सांग' असे म्हणा. आपल्याला इंग्रजी येत नाही ही अडचण नव्हे. ज्याला आईला समजावून सांगता येते, त्याला ते समजलेले असते.

त्या फोनच्या दुसऱ्या दिवशी मी मुलासमोर बसले. तो आता नववीत आहे. म्हटले, "ते चार-चार रुपये मी तुझ्यावर रागावून दिले, ते चुकले." तो वर न पाहता म्हणाला, "जाऊ दे ग." मी तिथेच बसून राहिले. थोड्या वेळाने त्याने विज्ञानाचे पुस्तक उघडले आणि म्हणाला, "हे बघ, पेशी म्हणजे काय, सांगू?" अर्धे मला कळले नाही. पण मी उठले नाही.

डब्याचे काय झाले, हे विचाराल. ते लाडू पुतणीने त्या संध्याकाळी शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटले. प्रत्येकाला आधी विचारून.

मसालेभात तयार आहे. त्यात काजू घातले आहेत. कोणाला चालत नसतील तर मला आधी सांगावे.